पावसाळी गटार आणि तळ्याकाठचे घर

आमच्या गावात एक तळे आहे आणि त्या तळ्याच्या काठापासून दोनशे पावलांवर माझे घर आहे, ही गोष्ट प्रारंभीच सांगून टाकलेली बरी. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते वाचून 'या गृहस्थांचे घर तेथे आहे म्हणून हा सारा खटाटोप' असे कोणी म्हणेल आणि ते म्हणणे सर्वस्वी खोटे असणार नाही. चौदा वर्षांपूर्वी बँकेचे कर्ज काढून हे घर बांधले. अद्याप सहा वर्षांचे हप्ते उरले आहेत. मात्र एखाद्या माणसाचा स्वार्थ गुंतलेला आहे एवढ्यावरून त्याचा युक्तिवाद खोटा ठरत नाही. तो अधिक काटेकोरपणे तपासून घ्यावा लागतो, इतकेच. वाचकांनी तो तसा तपासावा.

प्रसंग असा. आमच्या नगरपालिकेने शहराच्या वरच्या भागातील पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी एक मोठी बंदिस्त वाहिनी टाकण्याचे योजिले आहे. सरकारी कागदांत तिला 'पर्जन्यजलवाहिनी' असे भारदस्त नाव आहे. लोक तिला पावसाळी गटार म्हणतात आणि मला लोकांचाच शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. माणूस किंचित वाकून चालू शकेल एवढ्या व्यासाचे सिमेंटचे नळ टेकडीच्या पायथ्यापासून निघून, बाजारपेठेच्या मागून आणि आमच्या गल्लीच्या कडेने येतील व तळ्याच्या पूर्व काठावर, पिंपळाच्या पाराशेजारी, उघडे होतील. नकाशा पालिकेच्या कार्यालयात पाहावयास ठेवला असून नागरिकांच्या सूचना मागविल्या आहेत. मी तो दोनदा जाऊन पाहिला. नळाची रेषा लाल शाईने काढलेली आहे आणि ती तळ्याला जेथे भेटते तेथे एक बाण आहे. बाणाच्या पुढे काय, याविषयी नकाशात एक अक्षरही नाही.

या योजनेची गरज नाही असे मी म्हणणार नाही. बाजारपेठेच्या मागील खोलगट भागात दर पावसाळ्यात दोन-चार वेळा तरी गुडघाभर पाणी साचते. तेथे एका शिंप्याचे दुकान आहे. माझे सदरे गेली वीस वर्षे तोच शिवतो. आमच्या आळीतील मंडळी गटाराविरुद्ध सह्या गोळा करीत आहेत असे त्याच्या कानावर गेले, तेव्हा त्याने मला विचारले, "सर, तुमच्या तळ्याला वास येऊ नये म्हणून माझी यंत्रं दरसाल पाण्यात जायची काय?" या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय तळ्याचा कैवार घेण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. पुढील सारा मजकूर एका अर्थी त्या शिंप्याला दिलेले उत्तर आहे. ते थोडे लांबले आहे, याला माझा पेशा कारण.

पाणी त्या खोलगट भागातच का साचते, हे प्रथम पाहू. जुन्या लोकांना आठवते की तेथून एक ओढा वाहत असे. टेकडीवरचे पाणी घेऊन तो शेतांच्या बांधांमधून, लव्हाळ्यातून, गवतातून वळणे घेत तळ्यात येई. पंचवीस-तीस वर्षांत त्या शेतांचे भूखंड पडले, बिनशेतीची परवानगी मिळाली, ओढ्याच्या पात्रावर भराव पडला आणि त्या भरावावर दुकाने उभी राहिली. ओढ्याचे पात्र सातबारावर उरले. जमिनीवर उरले नाही. रस्त्याखालची जी एक मोरी राहिली तिच्यात वर्षभर प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात. पाण्याला स्मरणशक्ती असते असे म्हणतात. मला ते काव्य वाटते. पाणी उताराने जाते, आणि उतार तोच आहे. शिंप्याचे दुकान ज्या जागेवर आहे ती ओढ्याची जागा आहे, हा त्याचा दोष नव्हे. त्याने गाळा रीतसर विकत घेतला आहे. ज्यांनी तो भूखंड मंजूर केला त्यांचे नफे केव्हाच पदरात पडले आणि तोट्याची वाटणी आता तो शिंपी आणि मी आपसांत करीत आहोत.

पालिकेच्या अभियंत्यांचे म्हणणे असे की हे पाणी पूर्वीही तळ्यातच येत होते, आताही तेथेच येणार; मग ओरड कशासाठी? हा मुद्दा वरवर बिनतोड आहे. तळे पावसाच्या पाण्यावरच जगते. ते पाणी तोडले तर तळे आटेल, आणि आमच्या विहिरीही. तेव्हा पाणी येऊ नये असे म्हणणारा मनुष्य तळ्याचा मित्र नव्हे. प्रश्न पाणी कशा रीतीने येते आणि आपल्याबरोबर काय घेऊन येते, हा आहे.

थोडा हिशेब करू. वरच्या भागाचे क्षेत्र सुमारे चाळीस हेक्टर आहे. घरांची छपरे, डांबरी रस्ते, फरसबंद अंगणे यांवर पडलेल्या पावसापैकी बहुतेक सारे पाणी वाहून जाते. मोकळ्या मातीत त्यातील बरेच मुरते. शहरी वस्तीत सरासरीने शंभरातील सत्तर भाग वाहतात असे धरू. तासाला पन्नास मिलिमीटर वेगाने एक तास पाऊस पडला तर या चाळीस हेक्टरांतून १४,००० घनमीटर पाणी खाली येईल, म्हणजे दहा हजार लिटरचे चौदाशे टँकर एका तासात. शेतांतून येताना हेच पाणी कमी असे, रेंगाळत येई आणि वाटेत गाळ टाकीत येई. नळातून ते थेट येईल. नळाचा गुणच तो. त्यासाठीच तो टाकावयाचा.

परंतु हा झाला पावसाचा हिशेब. पावसाळी गटाराची खरी गोम पावसाळ्यात नसते, ती उरलेल्या आठ महिन्यांत असते. आमच्या शहराच्या वरच्या भागात मलवाहिन्यांचे जाळे नाही. सुमारे एक हजार घरे आहेत. प्रत्येक घरामागे सेप्टिक टँक आहे. त्यातील काही टाक्यांना शोषखड्डा आहे, पुष्कळांना नाही. नहाणीचे, मोरीचे, भांड्याकपड्यांचे पाणी रस्त्याकडेच्या उघड्या गटारात जाते. आज ते पाणी अर्ध्या वाटेत जमिनीत जिरते, वाळते, डासांना पोसते. उद्या त्याच रस्त्याखालून एक प्रशस्त नळ गेला की प्रत्येक घरमालक, आणि यात मी कोणालाही नावे ठेवीत नाही, एका रविवारी गवंडी बोलावून आपला पाईप त्यात जोडून टाकील. मी वर राहत असतो तर मीही तेच केले असते. घरामागची घाण घरापासून दूर नेणारा नळ फुकट उपलब्ध असताना शोषखड्डा खणण्यावर वीस-तीस हजार रुपये कोण खर्च करील?

आता आकडे पाहा. घरटी साडेचार माणसे, माणशी दररोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील ऐंशी टक्के सांडपाणी, या नियोजनात सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रमाणाने हजार घरांतून दररोज ४ लाख ८६ हजार लिटर सांडपाणी निघते. वर्षाला ते सुमारे १ लाख ७७ हजार घनमीटर होते. आमच्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; चाळीस हेक्टरांतून त्याचे वाहणारे पाणी, वरच्याच प्रमाणाने, १ लाख ९६ हजार घनमीटर. म्हणजे सर्व घरे जोडली गेली तर या 'पावसाळी' नळातून वर्षभरात जेवढा पाऊस वाहील जवळजवळ तेवढेच सांडपाणी वाहील. निम्मीच घरे जोडली गेली असे उदारपणे धरले तरी नळातील दर दहा बादल्यांमागे तीन बादल्या मोरीच्या असतील. आणि पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो. मोरीला सुट्टी नसते. चैत्र-वैशाखात, तळ्याचे पाणी अर्ध्यावर आलेले असताना, या नळातून तळ्यात जे पडेल ते शंभर टक्के सांडपाणीच असेल.

हा केवळ आमच्या गावाचा दुर्लौकिक नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर, म्हणजे जेमतेम अठ्ठावीस टक्के. उरलेले बहात्तर टक्के कोठेतरी जातच असते. ते जेथे जाते त्या ठिकाणांना आपण नदी, नाला, खाडी आणि तळे अशी निरनिराळी नावे दिली आहेत. मुंबईची मिठी नदी हे याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा ती नदी आहे याची शहराला आठवण झाली. एरवी तिला सारे नालाच समजत होते.

पावसाचे पाणी तरी स्वच्छ असते काय? आकाशातून पडताना असते. पण रस्त्यावरून वाहणारे पहिल्या सरीचे पाणी आठ महिन्यांची धूळ, वाहनांचे तेल, टायरचा चुरा, जनावरांचे शेण आणि भाजीबाजाराचा कुजका पाला घेऊन येते. अमेरिकेत १९७८ ते १९८३ या काळात अठ्ठावीस ठिकाणी शहरी पावसाच्या पाण्याची पद्धतशीर तपासणी झाली. त्यात शिसे, तांबे, जस्त सर्रास आढळले. तोपर्यंत तेथेही कारखाने आणि मैलापाणी एवढेच पाणी नासवितात अशी समजूत होती. या तपासणीनंतर, १९८७ साली, तेथील जलप्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पावसाळी गटारांनाही परवान्याचे बंधन आले.

तळ्याला विशेष घातक ठरते ते स्फुरद. साबणाच्या पावडरीत, मैल्यात, शेणात आणि बागेला टाकलेल्या खतात ते असते. कॅनडातील शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली ऑन्टारिओ प्रांतात एक साधा, परंतु डोळे उघडणारा प्रयोग केला. एका लहान सरोवराच्या मध्यभागी पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले. एका भागात त्याबरोबर स्फुरदही घातले. स्फुरद घातलेला भाग काही आठवड्यांत हिरवागार झाला, दुसरा स्वच्छच राहिला. विमानातून घेतलेले त्या सरोवराचे छायाचित्र जगभर गाजले. हिरवे पाणी दिसावयास वाईट म्हणून ही चिंता नाही. ते शेवाळ मेले की कुजते, कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते, आणि मग मासे वर येऊन तोंडे उघडतात. आमच्या तळ्याचा मासेमारीचा ठेका एका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे. पहिल्या पावसानंतर एखाद्या सकाळी काठावर मेलेल्या माशांचा खच पडलेला त्या मंडळींनी याआधीही पाहिला आहे, आणि तो नळ नसतानाचा अनुभव आहे. योजनेच्या कागदांत या संस्थेचा उल्लेख मला सापडला नाही.

कोल्हापूरच्या रंकाळ्याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. संध्यामठ, शालिनी पॅलेस आणि संध्याकाळची फिरणारी गर्दी यांमुळे हा तलाव त्या शहराच्या जीवनाचा भाग आहे. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. तरीही वरच्या वसाहतींतून सांडपाणी घेऊन येणारे नाले त्यात मिसळत राहिले आणि केंदाळाने पाणी झाकले गेले. पुढे राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून त्याच्यासाठी पैसा आला. नाले अडवा, वळवा, केंदाळ काढा, गाळ काढा, असा तो क्रम आहे. तळ्यात घाण सोडावयास एकदा पैसे लागतात. ती सोडणे थांबवावयास आणि आत साठलेली बाहेर काढावयास पुनःपुन्हा लागतात.

येथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला आपला विषय आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या योजनेचे अंदाजपत्रक मी पाहिले. खोदाई, नळ, चेंबर, रस्त्याची डागडुजी अशा साऱ्या बाबी त्यात आहेत. तळ्याच्या नावाने एकही ओळ नाही. गाळ काढण्याचा खर्च नाही, नळाची देखभाल नाही, मासेमारीच्या नुकसानीचा विचार नाही, काठावरच्या विहिरींचा नाही. खर्चाची जी बाजू दुसऱ्याच्या खिशातून जाते ती अंदाजपत्रकात लिहावी लागत नाही. आर्थर पिगू यांनी १९२० साली आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात नेमके हेच दाखविले होते: एखाद्या कृतीचा कर्त्याला पडणारा खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत अंतर पडले की ती कृती स्वस्त भासते आणि म्हणून वाजवीपेक्षा जास्त घडते.

पण पिगूंनाच प्रमाण मानून थांबलो तर शिंप्याचा प्रश्न तसाच राहतो. रोनल्ड कोस यांनी १९६० साली त्यावर एक मार्मिक आक्षेप घेतला. नुकसान नेहमी दुहेरी असते, असे त्यांचे म्हणणे. गटार झाले तर तळेकाठच्यांचे नुकसान. गटार अडविले तर वरच्यांचे आणि बाजारपेठेचे नुकसान. कोणाचे नुकसान टाळणे अधिक मोलाचे, एवढाच प्रश्न. आणि हक्क स्पष्ट असतील व वाटाघाटींना खर्च नसेल तर माणसे तो आपसांत मिटवितील. वर्गात हा सिद्धान्त शिकविताना मुलांना फार पटतो. प्रत्यक्षात हजार घरे, साठ दुकाने, एक मच्छीमार संस्था, धुणे धुणाऱ्या बाया आणि अजून जन्मालाही न आलेले तळ्याचे उपभोक्ते यांची वाटाघाट कोणत्या सभागृहात भरवावयाची? आणि हक्क म्हणाल तर तो कायद्याने केव्हाच ठरविलेला आहे. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यात 'प्रवाह' या संज्ञेत नैसर्गिक वा कृत्रिम अंतर्गत जलाशयही येतो, आणि त्यात जाणूनबुजून प्रदूषक द्रव्य सोडण्यास मनाई आहे. हा कायदा पन्नाशी उलटून गेला आहे. तेव्हा सांडपाणी तळ्यात सोडण्याचा हक्क वरच्या वसाहतीला नाही आणि तो तिच्या वतीने बजावण्याचा हक्क पालिकेलाही नाही. पावसाचे पाणी खाली सोडण्याचा आहे. या दोन पाण्यांत फरक न करणारा नळ, हा माझ्या आक्षेपाचा विषय आहे.

पालिका हा फरक का करीत नाही? अधिकारी दुष्ट आहेत किंवा अडाणी आहेत असे मी मानत नाही. नकाशा दाखविणारे कनिष्ठ अभियंता अत्यंत सौजन्याने वागले आणि मलवाहिन्या आधी हव्यात हे त्यांनी खासगीत मान्यही केले. अडचण अनुदानाच्या रचनेत आहे. आपल्याकडे नवे बांधकाम करावयास वरून पैसे मिळतात. केलेले सांभाळावयास स्वतःच्या घरपट्टीतून काढावे लागतात. साहजिकच प्रत्येक छोट्या नगरपालिकेला बांधकामाची भूक आणि देखभालीचा कंटाळा असतो. २०१५ साली सुरू झालेल्या 'अमृत' योजनेत पावसाळी पाण्याच्या निचऱ्याला स्थान होते. २०२१ च्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात जलाशयांच्या पुनरुज्जीवनाला आहे. दोन्ही हेतू स्तुत्य आहेत. परंतु एकाच गावात एका मथळ्याखाली तळ्यात नळ सोडावयाचा आणि काही वर्षांनी दुसऱ्या मथळ्याखाली तेच तळे उपसावयाचे, असे होऊ शकते, आणि दोन्ही वेळा कोनशिला बसते. देखभालीची कोनशिला कोणी बसवीत नाही.

आता आमच्या आळीतील मंडळींविषयी. त्यांच्या निवेदनात अशी मागणी आहे की नळ तळ्यात न सोडता तसाच पुढे न्यावा आणि धरणाच्या सांडव्याखाली ओढ्यात सोडावा. लांबी सुमारे सहाशे मीटरने वाढेल, एवढेच. माझा स्वार्थ या सूचनेने तंतोतंत साधतो: वास नाही, डास नाहीत, घराची किंमत शाबूत. तरीही मी त्या निवेदनावर सही केली नाही, आणि त्यामुळे गेले पंधरा दिवस शेजारी माझ्याशी जपून बोलतात. सांडव्याखाली दीड मैलावर एक गाव आहे. त्या गावाची नळयोजनेची विहीर ओढ्याच्या काठी आहे. आमची घाण आमच्या नजरेआड झाली म्हणजे ती नाहीशी झाली असे नव्हे. वरच्यांनी आम्हांला जे केले ते आम्ही खालच्यांना केले, इतकेच. शिवाय तळ्याचे पावसाचे पाणीही त्याच नळातून निघून जाईल.

दुसरी एक भीती मात्र शेजाऱ्यांची खरी आहे आणि तिचा विचार योजनेत दिसत नाही. नळाचे तोंड तळ्याच्या पूर्ण भरलेल्या पातळीच्या वर आहे की खाली? खाली असेल तर भाद्रपदात तळे तुडुंब असताना नळातील पाण्याला तळे आत घेणार नाही. ते नळात तुंबेल आणि मिळेल त्या चेंबरमधून, म्हणजे आमच्या गल्लीतून, वर येईल. एवढा खर्च करून शिंप्याच्या दुकानातील पाणी माझ्या ओसरीवर आणल्याचे श्रेय मग पालिकेला मिळेल. शिंप्यालाही फारसा लाभ होणार नाही, कारण तुंबलेला नळ वरूनही पाणी घेत नाही. तळे हे अमर्याद भांडे नव्हे. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतच पाणी शिरले. त्या तलावाभोवतालचे शहर वाढले होते. तलाव तेवढाच होता.

मग करावे काय? क्रम बदलावा. आधी वरच्या हजार घरांची मोरी आणि संडास मलवाहिनीला जोडावेत. शुद्धीकरणाचे लहानसे केंद्र उभारावे. आणि नंतर पावसाळी नळ टाकावा. याला तीन-चार वर्षे लागतील असे मला सांगण्यात आले. मान्य. तोवर नळ टाकावयाचाच असेल तर त्याच्या मुखाशी एक बुटका बांध आणि पंप बसवावा, म्हणजे कोरड्या दिवसांचे सांडपाणी आणि पहिल्या सरीचे मळके पाणी तेथेच अडून उपसले जाईल व जोराचा पाऊस आल्यावर उरलेले पाणीच बांधावरून तळ्यात उतरेल. त्याच्या अलीकडे गाळ बसण्यासाठी एक कुंड हवे, आणि ते दर वर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास रिकामे करण्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद हवी. ती तरतूद नसेल तर कुंड बांधूच नये. दोन वर्षांत त्याचे डासांचे आगर होईल.

दुसरी गोष्ट पाण्याचे प्रमाण मुळातच कमी करण्याची. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर पाच हजार लिटर पाणी होते. वरच्या हजार घरांनी एवढे पाणी टाकीत साठविले किंवा खड्ड्यात मुरविले तर ५,००० घनमीटर पाणी थांबेल, म्हणजे त्या तासाभराच्या लोंढ्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग. अनेक शहरांच्या बांधकाम नियमांत पाऊसपाणी साठविण्याची अट आज आहेच. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत ती पाळली जाते आणि नंतर टाकीत सायकली ठेवल्या जातात. नुसत्या अटीने माणूस वागत नाही, दराने वागतो. अमेरिकेतील बेलव्ह्यू शहराने १९७४ साली पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र आकारणी सुरू केली. जर्मनीतील अनेक शहरांत घरमालकाला आपल्या फरसबंद जागेच्या क्षेत्रफळानुसार पावसाच्या पाण्याचा आकार द्यावा लागतो, आणि पाणी मुरविण्याची सोय केली तर सूट मिळते. ज्याने सारे अंगण शहाबादी फरशीने मढविले तो अधिक देतो. ज्याने चार झाडांपुरती माती मोकळी ठेवली तो कमी. घरपट्टीच्या पावतीत अशी एक ओळ घालणे काही अवघड नाही. ती ओळ मलाही लागू पडेल. माझेही अंगण फरशीचेच आहे.

पट्टी वाढविण्याचा विषय काढला की लोक खवळतात, हे मला ठाऊक आहे. पण सिएटल शहराजवळच्या लेक वॉशिंग्टनची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. भोवतालच्या वस्त्यांचे मैलापाणी येऊन १९५० नंतरच्या दशकात ते सरोवर हिरवे पडू लागले. डब्ल्यू. टी. एडमंडसन या प्राध्यापकाने पुढे काय होईल ते आकड्यांनिशी सांगितले. मैलापाण्यासाठी एक सामायिक संस्था उभारावी, म्हणजे पर्यायाने स्वतःवर खर्च लादून घ्यावा, हा प्रस्ताव १९५८ च्या मार्चमध्ये मतदारांपुढे आला तेव्हा तो फेटाळला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात सुधारून आणलेला प्रस्ताव मंजूर झाला. १९६८ पर्यंत मैलापाणी सरोवरातून पूर्णपणे वळविण्यात आले आणि काही वर्षांतच पाणी पुन्हा निवळले. फेटाळण्यापासून मंजुरीपर्यंत सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत सामान्य लोकांना तळ्याचे अर्थशास्त्र समजावून सांगण्याचेच काम झाले असले पाहिजे. आमच्याकडे तीस दिवसांची मुदत आहे, त्यांतील अकरा गेले.

राहिला शिंप्याचा या पावसाळ्याचा प्रश्न. मलवाहिन्या होईपर्यंत त्याने वाट पाहावी असे सांगणे हा निर्दयपणा ठरेल. रस्त्याखालची ती जुनी मोरी उन्हाळ्यात साफ केली आणि तिच्या तोंडाशी जाळी बसवली तर निम्मे पाणी निघून जाईल, असे अभियंत्यांचेच मत आहे. खर्च नळाच्या खर्चाच्या मानाने नगण्य आहे. वरच्या शाळेचे मैदान हातभर खोल करून तेथे चार-सहा तास पाणी थोपवून धरता येईल, हेही त्यांनीच सुचविले. शाळेला पावसात मैदान लागत नाही. या दोन्ही गोष्टी अनुदानाच्या कोणत्याही मथळ्यात बसत नाहीत म्हणून योजनेत आल्या नाहीत, असे ते म्हणाले.

माझ्या सूचना मी लेखी दिल्या आहेत. नळाच्या मुखाची आणि तळ्याच्या पूर्ण पातळीची उंची, हे दोन आकडे मी अर्ज करून मागितले आहेत. अद्याप मिळालेले नाहीत. येत्या गुरुवारी पालिकेत बैठक आहे. शिंप्याला मी बरोबर येण्यास सांगितले आहे. आमच्या आळीच्या निवेदनावर सह्या करणारे लोकही येणार आहेत. आम्ही तिघे एकाच बाकावर बसू की निरनिराळ्या, हे त्या दिवशीच कळेल.